चार तासांचा हिशेब

औषध लागू पडले की श्रेय औषधाचे आणि लागू पडले नाही की दोष रोग्याचा, हा वैद्यकव्यवहारातला जुना अन्याय आहे. रोग्याने पथ्य पाळले नसेल, मात्रा चुकवल्या असतील, त्याची इच्छाशक्तीच दुबळी असेल, अशी कारणे नेहमी तयार असतात. उपचाराच्या मांडणीतच काही उणे आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. झोपेतील श्वासरोधावर, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात त्या विकारावर, चार दशकांहून अधिक काळ ‘सीपॅप’ यंत्राचा उपचार प्रमुख मानला गेला आहे. या उपचाराच्या बाबतीत तर हा अन्याय फार ठळकपणे दिसतो.

हे यंत्र घरी आल्यावर पहिल्या आठवड्यांत जे घडते ते अनेक घरांत सारखेच असते. रात्रभर नाकावर मास्क बांधून झोपलेला माणूस सकाळी पूर्वीपेक्षा अधिक थकून उठतो. डोके जड, घसा कोरडा, पोट फुगलेले आणि झोप झालीच नाही ही भावना. तो तक्रार करतो. ‘सवय होईल’ एवढेच उत्तर त्याला मिळते. महिना-दीड महिन्यात यंत्र कपाटावर जाऊन बसते आणि केसपेपरवर शेरा पडतो : रुग्ण सहकार्य करीत नाही. ज्याने कित्येक महिन्यांच्या बचतीतून यंत्र घेतले आणि ते लावून निजण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, त्याच्यावर असहकाराचा ठपका ठेवला जातो. हा ठपका न्याय्य आहे काय, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम विकाराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांची श्वासाची वाट मुळात अरुंद असते त्यांच्या बाबतीत ती वाट अशा वेळी अर्धवट किंवा पूर्ण मिटते. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याचा इशारा देतो, झोप क्षणभर मोडते, घसा उघडतो आणि मोठ्या घरघरीसह श्वास पुन्हा सुरू होतो. किमान १० सेकंदांच्या अशा अडथळ्याची एक घटना धरली जाते. तासाला सरासरी ५ घटनांपासून विकार मानला जातो, १५ पासून तो मध्यम आणि ३० पासून तीव्र समजला जातो. तीव्र विकार असलेल्या माणसाची झोप एका रात्रीत दोनशे-तीनशे वेळा मोडते आणि सकाळी त्याला त्यातले काहीही आठवत नाही. रक्तदाब वाढतो, स्मरण आणि एकाग्रता मंदावते, भर दुपारी कामावर पेंग येते. घोरणारा माणूस सुखाने झोपला आहे अशी समाजाची समजूत असते आणि कुंभकर्णाची उपमा देऊन त्याची थट्टाही होते. वस्तुतः त्या खोलीत सर्वांत कमी झोप त्याचीच होत असते.

हा श्रीमंत, स्थूल, सुखवस्तू माणसांचा आजार आहे, असे समजून बाजूला सारणेही चूक ठरेल. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांमध्ये झोपेतील श्वसनदोष आढळला आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांमध्ये दिसला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून २०२३ साली जो अंदाज मांडला, त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी ४० लाख प्रौढांना हा विकार असावा आणि त्यांपैकी सुमारे ४ कोटी ७० लाखांमध्ये तो मध्यम किंवा तीव्र असावा. लठ्ठपणा हे त्याचे मोठे कारण आहे, परंतु एकमेव नव्हे. लहान किंवा मागे ओढलेला जबडा, वाढलेल्या गाठी, वय, दारू, झोपेच्या गोळ्या हीही कारणे आहेत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये तो वाढतो. पण स्त्रीची तक्रार पुष्कळदा घोरण्याची नसून थकव्याची, डोकेदुखीची आणि निद्रानाशाची असते, म्हणून ती ‘घरकामाचा शीण’ या सदरात जमा होते आणि तपासणीपर्यंत पोहोचतच नाही.

सीपॅपचा शोध ही वैद्यकातील खरोखर मोठी गोष्ट आहे आणि यंत्रावर टीका करण्याच्या भरात ती नाकारता कामा नये. १९८० पर्यंत तीव्र विकारावर खात्रीचा उपाय एकच होता : गळ्याला भोक पाडून श्वासासाठी वेगळी वाट करून देणे. त्या वर्षी जून महिन्यात सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या नाकावाटे किंचित दाबाची हवा अखंड सोडून पाहिली. त्या हवेने घसा आतून तोलून धरला आणि श्वास अडणे थांबले. १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील हा अनुभव प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या यंत्रांत निर्वात झाडणीच्या मोटारी वापरल्या जात आणि मास्क दररोज रात्री चेहऱ्यावर सिलिकोनने चिकटवावा लागे. आजच्या मानाने तो प्रकार कितीतरी त्रासाचा होता. तरीही काही रुग्णांनी तो निभावला याचे एक कारण उघड आहे. त्यांच्याजवळ उपचार करणारा डॉक्टर होता आणि काय बिनसते आहे ते तो स्वतः पाहत होता. आजचे यंत्र लहान, शांत आणि हुशार आहे. पण ते घेऊन येणारा माणूस अर्ध्या तासात बटणे दाखवून निघून जातो. यंत्र सुधारले आणि सोबत गेली, हा या चार दशकांचा जमाखर्च आहे.

आता मूळ तक्रारीकडे वळू जाता असे दिसते की, ‘यंत्र लावल्यापासून अधिक वाईट वाटते’ हे विधान मनाचे खेळ नसून त्याला शरीरशास्त्रातली स्पष्ट कारणे आहेत.

पहिले कारण झोपेच्या स्मृतीशी संबंधित आहे. पूर्वी झोप शेकडो वेळा मोडत असे, पण प्रत्येक वेळी काही सेकंदच, म्हणून ती आठवत नसे. आता ती कमी वेळा मोडते. पण मास्क सरकला, नळी ओढली गेली, हवा डोळ्यांत शिरली म्हणून माणूस पुरता जागा होतो आणि प्रत्येक जाग त्याच्या ध्यानात राहते. म्हणजे प्रत्यक्षात झोप सुधारत असतानाही ती बिघडल्याचा अनुभव येतो. याउलट कित्येकांची एकूण झोपच सुरुवातीला घटते आणि तेव्हा थकवा हा भास नसतो, तो खराच असतो.

दुसरे कारण हवेच्या गळतीचे. नाकाचा मास्क लावून तोंड उघडे राहिले की हवा नाकातून शिरून तोंडावाटे बाहेर धावते. नाक कोरडे पडते, आतून सुजते, चोंदते, आणि नाक चोंदले की तोंड अधिकच उघडते. हे दुष्टचक्र इच्छाशक्तीने तुटत नाही. ते हवेला ऊब आणि ओलावा देणाऱ्या पाण्याच्या भांड्याने, नाकाच्या उपचाराने किंवा मास्कचा प्रकार बदलून तुटते.

तिसरे कारण दाबाचे. ही यंत्रे साधारणतः ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब देतात. दाब कमी पडला तर श्वास अडणे चालूच राहते. तो जास्त झाला तर गळती वाढते, हवा गिळली जाते आणि पोट फुगते. एकाला मानवणारा दाब दुसऱ्याला मानवत नाही. पाठीवर झोपल्यावर लागणारा दाब कुशीवर झोपल्यावर लागतोच असे नाही.

चौथे कारण अधिक सूक्ष्म आहे. काही रुग्णांमध्ये घशाचा अडथळा दूर झाल्यावर वेगळ्याच प्रकारचा श्वासखंड दिसू लागतो. त्यात वाट मोकळी असते, पण श्वास घेण्याची आज्ञाच मेंदूकडून क्षणभर थांबते. बहुतेकांमध्ये तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप मावळतो. काहींमध्ये टिकतो आणि मग तज्ज्ञाने उपचाराची दिशाच बदलणे जरूर असते. येथे विक्रेत्याच्या सल्ल्याने ‘वरच्या दर्जाचे’ यंत्र घेणे कसे धोक्याचे होऊ शकते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले. हृदयाची आकुंचनशक्ती घटलेल्या आणि मुख्यतः अशा मेंदूजन्य श्वासखंडाने पीडित १,३२५ रुग्णांच्या त्या चाचणीत श्वासागणिक दाब बदलणाऱ्या यंत्राने हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. महाग ते अधिक हितकारक, हा बाजाराचा नियम शरीराला लागू नाही.

याखेरीज बंद जागेची धास्ती आहे, आधीपासूनचा निद्रानाश आहे, पहिल्या काही रात्रींत गाढ झोप आणि स्वप्नांची झोप एकदम उसळून आल्याने वाटणारी जडता आहे. आणि थकव्याची अगदी वेगळी कारणेही आहेत : पंडुरोग, थायरॉइडची मंदगती, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता, शामक औषधे. सर्वांत साधे कारण तर पुष्कळदा नजरेआडच राहते. बारा तासांची पाळी आणि येण्याजाण्याचे तीन तास वजा जाता ज्याच्या वाट्याला अंथरुणावर पाचच तास उरतात, त्याचा थकवा जगातले कोणतेही यंत्र घालवू शकणार नाही.

यातून एक व्यवहार्य भेद हाती येतो. मास्कचे ओझे, चेहऱ्यावरचे वळ, आवाज, नवखेपणा, पहिल्या रात्रींची अपुरी झोप या गोष्टी काळाने ओसरतात. दिवसा जागेपणी वाचताना किंवा बातम्या ऐकताना अर्धा-एक तास मास्क लावून बसण्याने, सुरुवातीला कमी दाबापासून हळूहळू वर चढणारी सोय वापरण्याने त्या लवकर ओसरतात. परंतु सततची गळती, दररोजची पोटफुगी, चोंदलेले नाक, सकाळची टिकून राहणारी डोकेदुखी, किंवा आठवड्यांमागून आठवडे न हटणारी दिवसाची झोप यांना ‘सवय होईल’ हे उत्तर नव्हे. या तक्रारींची दखल घेऊन यंत्रातील नोंद, मास्कचे माप आणि दाब पुन्हा पाहिले पाहिजेत. रुग्णाने दाब स्वतःच्या मनाने बदलू नये, कंटाळून यंत्र परस्पर बंद करू नये आणि पेंग येत असेल तोवर वाहन किंवा धोक्याचे यंत्र चालवू नये. ही पथ्ये त्याच्याकडून अपेक्षिताना, पुन्हा जाऊन विचारण्याची जागा मात्र त्याला उपलब्ध असली पाहिजे.

नेमकी हीच जागा व्यवस्थेत नाही. तिच्या ऐवजी आहे ती तासांची मोजदाद. या मोजदादीचा इतिहास बोधप्रद आहे. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३५ रुग्णांच्या यंत्रांत त्यांना न सांगता मोजणी बसवण्यात आली. नियमित वापर कशाला म्हणावे यासाठी संशोधकांनी एक सोयीची रेषा आखली : किमान ४ तास, ७० टक्के दिवस. ही रेषा ३५ पैकी १६ जणांनीच गाठली. अभ्यासासाठी आखलेली ही रेषा पुढे धोरणात शिरली. अमेरिकेच्या वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यात २००८ पासून पहिल्या १२ आठवड्यांचा वापर हा प्रयोगकाळ मानला जातो. पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर झाला नाही, तर यंत्राचा खर्च पुढे मिळत नाही. म्हणजे ज्या काळात माणसाला सर्वांत अधिक त्रास होतो, नेमक्या त्याच काळात त्याची परीक्षा घेतली जाते. यंत्रातील चकती त्याने किती तास यंत्र लावले हे सांगते. तो पहाटे दोनला मास्क काढून का बसला, हे ती सांगत नाही.

फ्रान्समध्ये याच प्रश्नाने वेगळे वळण घेतले. तेथील सरकारने २०१३ साली दूरसंवेदी नोंदणीद्वारे वापर तपासण्याचा आणि किमान वापर न करणाऱ्यांच्या उपचारखर्चाची भरपाई कमी करत थांबवण्याचा आदेश काढला. रुग्णांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २०१४ च्या फेब्रुवारीत राज्यपरिषदेने, म्हणजे तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायासनाने, त्याला स्थगिती दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो रद्द ठरवला. उपचाराच्या भरपाईला अशी अट घालण्याचा अधिकार कायद्याने मंत्र्यांना दिलेला नाही, हा त्या निर्णयाचा आधार होता. रात्रीच्या झोपेवर बसवलेली पाळत ही केवळ तांत्रिक बाब नसून ती नागरिकाच्या हक्काची बाब आहे, हे त्या लढ्याने सर्वांसमोर आणले.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जाईल आणि तो क्षुल्लक नाही. सार्वजनिक पैशातून घेतलेली यंत्रे धूळ खात पडत असतील तर मोजणी नको काय? जो वापरतच नाही त्याच्यापायी दुसऱ्या गरजूला का वंचित ठेवावे? शिवाय अपुऱ्या वापराचा लाभही अपुराच असतो, हे खरे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि भारतासह सात देशांत चाललेल्या चाचणीत आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले २,७१७ रुग्ण होते. यंत्र मिळालेल्यांचा सरासरी वापर रात्री ३.३ तास इतकाच झाला आणि हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण काही घटले नाही. मात्र दिवसाची झोप कमी झाली, मन:स्थिती सुधारली आणि कामावरच्या गैरहजेरीतही घट झाली.

हा आक्षेप मान्य करूनही निष्कर्ष मात्र उलटा निघतो. वापर अपुरा राहतो म्हणून तर सुरुवातीच्या आठवड्यांतल्या मदतीवर खर्च करणे शहाणपणाचे आहे. मोजणीला विरोध नाही. तिचा उपयोग कशासाठी करायचा, हा प्रश्न आहे. एखाद्याचा वापर दोन तासांवर घसरला हे कळल्यावर त्याला दूरध्वनी करून ‘अडचण काय आहे’ असे विचारता येते, किंवा ‘तुमचे यंत्र काढून घेत आहोत’ असेही कळवता येते. पहिल्या मार्गाने किती साधते याचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात १०० रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निम्म्यांना नेहमीच्या माहितीखेरीज तासा-तासाच्या दोन सामुदायिक बैठकांना बोलावण्यात आले. विकार काय, यंत्र काय करते, धास्ती कशी हाताळावी, ज्यांनी ते पचवले त्यांचा अनुभव काय, एवढाच त्या बैठकांचा विषय होता. महिनाअखेर त्यांचा रात्रीचा वापर इतरांहून सुमारे तीन तासांनी अधिक भरला. महागड्या यंत्राने जे होत नव्हते ते माणसांना एकत्र बसवून बोलल्याने झाले.

महाराष्ट्रातील स्थिती याहून निराळी आहे आणि काही बाबतींत अधिक बिकट आहे. येथे बहुसंख्यांच्या वाट्याला तासांची परीक्षाही येत नाही, कारण खर्च करणारा दुसरा कोणी नसतोच. केंद्र सरकारचे कर्मचारी व निवृत्तिवेतनधारक यांना नियमांनुसार यंत्राची भरपाई मिळू शकते. पण शेतमजूर, रिक्षाचालक, घरकामगार, कंत्राटी कामगार यांच्यासाठी तशी वाट नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना काय किंवा आयुष्मान भारत काय, दोन्हींची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांभोवती झाली आहे. जो आजार दररोज रात्री घरीच सांभाळायचा आहे, त्याला या रचनेत जागा नाही. तेव्हा यंत्र खिशातून घ्यायचे, मास्क मानवला नाही तर दुसरा पुन्हा खिशातूनच घ्यायचा. आणि मास्क बदलण्याचे पैसे नसलेल्यालाच पुढे ‘तुम्ही नीट वापरत नाही’ असे ऐकावे लागते.

घराची स्थितीही विसरता येत नाही. एका खोलीत पाच-सहा माणसे झोपतात तेथे यंत्राचा आवाज, उशाजवळचा प्लग आणि नळीसाठी लागणारी जागा हे सारे प्रश्नच असतात. वीज गेली की यंत्र थांबते आणि माणूस दचकून उठतो. रात्रपाळीचा कामगार दिवसा, उन्हाळ्यात, पत्र्याखाली झोपतो. त्या घामात चेहऱ्यावर मास्क टिकवणे म्हणजे काय, हे वातानुकूलित खोलीत लिहिलेल्या सूचनापत्रकाला ठाऊक नसते. पत्रकही बहुधा इंग्रजीतच असते.

मालवाहू गाड्यांचे आणि एस.टी.चे चालक यांचा प्रश्न तर सार्वजनिक सुरक्षिततेचा आहे. युरोपीय संघाने २०१४ साली वाहनपरवान्याच्या नियमांत या विकाराचा स्पष्ट समावेश केला. मध्यम वा तीव्र विकाराचा संशय असल्यास तपासणी, आणि विकार आटोक्यात असून उपचार नीट चालू असल्याचे वैद्यकीय मत मिळाल्यास परवाना, अशी ती तरतूद आहे. येथे केवळ नियम आणून भागणार नाही. आजार उघड केला की गाडी हातातून जाईल ही भीती असेल, तोवर कोणताही चालक तो लपवणारच, आणि उपचार सुरू झाल्यावर आलेला वाढीव थकवाही लपवणार. म्हणून तपासणीच्या सक्तीआधी नोकरीची हमी आणि उपचार स्थिरावेपर्यंतच्या काळासाठी हलके काम किंवा पगारी रजा, हा क्रम पाळला गेला पाहिजे.

उत्पादकांच्या जबाबदारीचाही उल्लेख येथे अनिवार्य आहे. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्स कंपनीला आपली लक्षावधी श्वसनयंत्रे परत बोलवावी लागली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फेस झिजून त्याचे कण व वायू श्वासावाटे जाण्याचा धोका होता. यंत्र चालू ठेवावे तर हा धोका, बंद करावे तर मूळ विकार, अशा कात्रीत जगभरचे रुग्ण सापडले. ज्यांना ‘यंत्रावर विश्वास ठेवा’ असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्यांच्या शंकांकडे अडाणीपणा म्हणून पाहण्याचा अधिकार त्यानंतर तरी कोणालाच उरला नाही.

तेव्हा मागणी काय असावी? ती अवाजवी नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात यंत्रांची आणि निरनिराळ्या मापांच्या मास्कची पेढी असावी, जेणेकरून खरेदीपूर्वी महिना-दोन महिने अल्प भाड्याने वापरून पाहता येईल. यंत्र हाती दिल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा, महिन्याच्या आत एकदा आणि तिसऱ्या महिन्यात एकदा प्रशिक्षित तंत्रज्ञाने चौकशी करणे हा उपचाराचाच भाग मानला जावा. न मानवणारा मास्क बदलून देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असावी. सूचना मराठीत असाव्यात. यंत्रातील नोंद रुग्णाच्या मालकीची असावी आणि त्याच्या संमतीवाचून ती विमा कंपनीकडे वा मालकाकडे जाऊ नये. आणि ज्याला सर्व प्रयत्नांनंतरही हे यंत्र मानवत नाही, त्याच्यासमोर वजन घटवणे, कुशीवर झोपणे, जबडा पुढे धरणारे दातांचे साधन, निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया हे इतर मार्ग प्रामाणिकपणे ठेवले जावेत. सीपॅप हा सर्वांत परिणामकारक उपाय असला तरी तो एकमेव नाही. जो उपाय वापरलाच जात नाही, त्याची परिणामकारकता कागदावरच राहते.

सरकार हे सारे करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कामगार वस्तीत, आगारात, मोहल्ल्यात ज्यांनी हे यंत्र घेतले आहे अशा चार-सहा जणांना महिन्यातून एकदा घरच्यांसह एकत्र बसवणे हे कोणत्याही कार्यकर्त्याच्या आवाक्यातले काम आहे. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. डॉक्टरचे काम त्याने करूही नये. मास्क कोठे घासतो, हवा कोठून गळते, नाक चोंदते काय, दिवसाची झोप गेली काय, एकूण झोप किती तास मिळते, एवढे प्रश्न विचारून उत्तरे कागदावर उतरवून दिली, तरी तो कागद घेऊन रुग्णालयात जाणारा माणूस असहाय राहत नाही. ‘सवय होईल’ या दोन शब्दांवर त्याची बोळवण करणे मग तितके सोपे राहत नाही.

उपचाराने आधी वाईट वाटते ही तक्रार करणारा माणूस उपचाराला नकार देत नसतो. उपचार चालू ठेवता यावा म्हणूनच तो बोलत असतो. ती तक्रार म्हणजे सहकार्याचा शेवटचा हात असतो. तो हात झिडकारला की माणूस गप्प बसतो, यंत्र कपाटावर जाते, आणि रात्री त्याचा श्वास पुन्हा पूर्ववत अडू लागतो. त्याने किती तास यंत्र लावले याचा हिशेब अवश्य मागावा. पण त्या तासांत त्याच्या बाजूला कोण उभे होते, हा हिशेब व्यवस्थेने आधी दिला पाहिजे.